हात बसेपर्यंत : लघवीच्या पिशवीबद्दल वाचकांचे प्रश्न

मूत्राशय काढावं लागलं की लघवीला बाहेर पडायला दुसरी वाट करून द्यावी लागते. सर्वांत रूढ वाट म्हणजे ‘आयलियल कॉन्ड्युट’. लहान आतड्याच्या शेवटाकडचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करतात, त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरं टोक पोटाच्या उजव्या बाजूला कातडीवर आणून शिवतात. बाहेर दिसणाऱ्या त्या लाल तोंडाला स्टोमा म्हणतात. ब्रिकर या अमेरिकी सर्जननी १९५० साली ही पद्धत मांडली आणि ती आजही टिकून आहे. या वाटेला लघवी रोखून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे लघवी सतत ठिबकत राहते आणि पोटावर चिकटवलेल्या पिशवीत साठते. ऑपरेशन काही तासांत संपतं, पिशवी मात्र जन्मभराची. आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली : बहुतेकांच्या अडचणी ऑपरेशनमुळे आलेल्या नाहीत, घरी पाठवण्याआधी शिकवणं अर्धवट राहिल्यामुळे आलेल्या आहेत.

वडील ६८ वर्षांचे आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी दोन आठवड्यांनी ऑपरेशन ठरलंय. ‘पिशवीचं नंतर नर्स सांगतील’ असं सांगितलंय. आई म्हणते, ‘मीच करीन सगळं, त्यांना कशाला त्रास?’ आम्ही आधी काय विचारून ठेवावं? — एक मुलगी, सांगली

आधी आईंशी बोला. त्यांची मदत लागणारच आहे, पण मुख्य हात वडिलांचाच हवा. पिशवी दर दोन-तीन तासांनी रिकामी करावी लागते आणि आठवड्यातून दोनदा बदलावी लागते. हे सगळं बायकोच्या हातात राहिलं तर वडिलांचं एकट्याने बाहेर जाणं संपतं आणि आईंना एका रात्रीसाठीही कुठे जाता येत नाही. दोघांनीही शिकावं, करावं मात्र वडिलांनी.

ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट अगदी आग्रहाने विचारा : स्टोमाची जागा पोटावर आखून देणार का? ही आखणी स्टोमा नर्स किंवा सर्जन जलरोधक पेनने करतात. वडिलांना आडवं, बसलेलं, उभं आणि पुढे वाकलेलं पाहून ती करायची असते. आपल्या घरांत आणखी दोन स्थिती पाहाव्या लागतात : मांडी घालून बसलेलं आणि उकिडवं बसलेलं. जेवायला पाटावर बसणाऱ्या माणसाच्या पोटाला वळ्या कुठे पडतात, हे खुर्चीत बसवून कळत नाही. पँटचा पट्टा, पायजम्याची किंवा परकराची नाडी, धोतराची गाठ कुठे येते तेही नेसून दाखवा. वळी, बेंबी, जुना व्रण आणि कमरेचं हाड यांपासून लांब, सुमारे पाच सेंटिमीटर सपाट जागा लागते. शेवटची अट म्हणजे ती जागा वडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवी. पोट सुटलेलं असेल तर बेंबीखालचा स्टोमा वळीआड जातो. अशा वेळी जागा वर, अगदी बेंबीच्या वरही घेतात. आखल्यावर तिथे एक चकती (कातडीला चिकटणारा, मध्ये भोक असलेला तळ; पिशवी याच्यावरच अडकते) चिकटवून पिशवीत थोडं पाणी भरा आणि वडिलांना अर्धा दिवस तसंच घरात वावरू द्या. चुकीच्या जागेचा त्रास पुढे वर्षानुवर्षं सोसावा लागतो, म्हणून या अर्ध्या तासाच्या कामाला आम्ही इतकं महत्त्व देतो.

ऑपरेशननंतर शिकवण्याचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. पहिले दोन दिवस फक्त बघायचं आणि हात लावायचा. स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओला असतो. त्याला वेदना कळत नाहीत आणि पुसताना रक्ताचे एक-दोन थेंब आले तर घाबरायचं कारण नाही. मग पिशवीची तोटी उघडून रिकामी करणं. हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी वडिलांनी स्वतः करावं. मग पिशवी बदलणं : एकदा पाहायचं, एकदा नर्सच्या सांगण्याप्रमाणे करायचं आणि घरी जाण्याआधी एकदा नर्स शेजारी गप्प उभ्या असताना करायचं. वेदनाशामक औषधाचा अंमल असताना, पोट दुखत नसताना, पंधरा-वीस मिनिटांचाच धडा घ्या. आणि चष्मा विसरू नका. कित्येकदा ‘बाबांना जमत नाही’ असं म्हणतात तेव्हा बाबांना दिसत नसतं, एवढंच कारण असतं. वडिलांच्याच हातांचा, त्यांच्याच पोटावरचा व्हिडिओ फोनवर काढून ठेवा. घरी पहिल्या वेळी त्याचा आधार होतो.

सुरुवातीला स्टोमातून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. ते स्टेंट, प्रत्येक मूत्रपिंडाचा एक. साधारण सात ते चौदा दिवसांनी डॉक्टर ते काढतात. चकती बदलताना त्यांची टोकं आधी भोकातून ओवून पिशवीत सोडायची, ओढायची नाहीत. एखादा आपोआप निघून आला तर फेकू नका. त्याच दिवशी कळवा आणि तो दाखवायला न्या.

घरी निघताना मागून घ्यायच्या गोष्टी : दहा दिवस पुरेल इतकं सामान, स्टोमाचं माप लिहिलेली चिठ्ठी, पिशवीचा क्रमांक आणि प्रश्न आला तर उचलला जाईल असा फोन नंबर. सहा महिन्यांचा साठा मात्र करू नका. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, माप बदलत जातं.

ऑपरेशनला अडीच महिने झाले. पिशवी कधी दोन दिवस टिकते, कधी सहा तासांत गळते. पेस्ट भरपूर लावतो, वरून चिकटपट्टीही मारतो. लग्नकार्याला जाणं सोडलंय. — एक निवृत्त शिक्षक, धाराशिव

पेस्ट आणि चिकटपट्टी, दोन्ही बंद करा. ती पेस्ट मुख्यतः शौचाच्या स्टोमासाठी असते. पातळ लघवीने ती विरघळून वाहून जाते, आणि तिच्यात अल्कोहोल असेल तर सोललेल्या कातडीला झोंबते. चिकटपट्टीने गळती थांबत नाही, दडते. लघवी आतल्या आत चकतीखाली पसरते आणि कातडी भिजून सोलते.

गळती विनाकारण होत नाही, आणि कारण काढलेल्या चकतीच्या मागच्या बाजूवर दिसतं. ती फेकण्याआधी उजेडात धरा. भोकाभोवती सगळीकडून सारखीच विरघळलेली, फुगून पांढरी झालेली असेल, तर भोक मोठं आहे किंवा चकती फार दिवस ठेवली आहे. एकाच बाजूला ओघळ गेलेला असेल, घड्याळाच्या चाराच्या दिशेला म्हणा, तर पोटावर त्या जागी खळगा किंवा वळी आहे. चकती मागून कोरी करकरीत असून अख्खी सुटून आली असेल, तर चिकटवताना कातडी ओली, तेलकट किंवा केसाळ होती. वरची कड सुटली असेल, तर पिशवी फार भरू दिली, तिच्या वजनाने ओढ बसली.

तुमच्या बाबतीत पहिला संशय मापावर आहे. दवाखान्यात दिलेल्या मापानेच अजून भोक कापत असाल, तर आता स्टोमा आक्रसला आहे आणि भोवती कातडीची उघडी कडी राहते. तिच्यावर दिवसरात्र लघवी ठिबकते. डब्यात येणारी मापपट्टी घेऊन आज पुन्हा मोजा. भोक स्टोमापेक्षा सगळीकडून फक्त २ ते ३ मिलिमीटर मोठं हवं. त्याहून घट्ट केलं तर स्टोमाला कड काचते. स्टोमा गोल नसेल तर भोकही गोल नको. पारदर्शक प्लास्टिकवर त्याचा आकार गिरवून तसाच कापा.

आता बदलण्याची रीत. वेळ पहाटेची, चहा-पाणी पोटात जाण्याआधीची, कारण तेव्हा लघवी सर्वांत कमी येते. आधी सगळं मांडून ठेवा : भोक कापलेली चकती, तोटी बंद केलेली पिशवी, कोमट पाणी, मऊ सुती फडकं, गॉजच्या तीन-चार घड्या, आरसा, कचऱ्याची पिशवी. गॉजची बोटाएवढी जाड वात वळून ठेवा. हीच या कामातली किल्ली आहे. जुनी पिशवी रिकामी करा. एका हाताने कातडी खाली दाबत दुसऱ्या हाताने चकती वरून खाली सोडवा; चकती ओढायची नाही, कातडी तिच्यापासून दूर करायची. लगेच ती वात स्टोमाच्या तोंडावर धरा म्हणजे ठिबकणारी लघवी तिच्यात मुरेल. भोवतीची कातडी नुसत्या पाण्याने धुवा. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट किंवा मलईदार साबण यातलं काहीच लावायचं नाही. फडक्याने टिपून पूर्ण कोरडी करा. एकदा टिपून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा टिपा. घाईत नेमका हाच दुसरा हात राहून जातो. नवी चकती तळहातांत मिनिट-दोन मिनिटं धरून ऊब द्या. मग वात काढून, पोट सैल सोडून, चकती खालच्या कडेपासून वर चिकटवत न्या आणि भोकाभोवती बोटाने दाबत फिरा. वर तळहात ठेवून दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. उबेनेच तो गोंद कातडीत बसतो. पिशवी अडकवून कट्‌ असा आवाज येतो का पाहा आणि तोटी बंद असल्याची खात्री पुन्हा करा. पहिल्या महिन्यातल्या ‘गळती’च्या तक्रारींत उघडी राहिलेली तोटी बरेचदा सापडते.

खळगा असेल तर तो भरायला मऊ कडी मिळते. तिचा तुकडा तोडून, मळून त्या जागी बसवा. स्टोमा कातडीच्या पातळीत किंवा आत गेलेला असेल तर साधी सपाट चकती चालत नाही, कातडीकडच्या बाजूने फुगीर चकती आणि कमरेचा पट्टा लागतो. ती स्टोमा नर्सला दाखवूनच घ्या, कारण चुकीच्या जागी तिचा दाब पडला तर जखम होते. उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर स्टोमाभोवती फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. मग माप आडवं आणि उभं दोन्ही घ्यावं लागतं आणि सर्जनना दाखवावं लागतं. पहिले तीन महिने पाच किलोच्या वरचं ओझं उचलू नका.

भरण्याचा हिशेबही सांगून ठेवतो. दिवसाला दोन लिटर लघवी म्हणजे तासाला सुमारे ८० मिली. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची असते, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. ‘अजून जागा आहे’ म्हणून लग्नाच्या पंगतीत बसून राहिलात तर उठताना वजनाने चकती सुटेल. बसण्याआधी रिकामी करा, आणि लग्नाला जरूर जा. बरोबर एका पाऊचमध्ये भोक कापून ठेवलेली चकती, पिशवी, गॉज, पाण्याची छोटी बाटली आणि एक जास्तीचा पायजमा असू द्या. चांगली बसलेली चकती तीन-चार दिवस टिकते. गळत नसली तरी त्या दिवशी बदलायचीच. गळायची वाट बघायची नाही. कॅलेंडरवर बुधवार-रविवार असे वार मांडून ठेवा.

सासूबाईंच्या स्टोमाभोवतीची कातडी लाल, ओलसर झालीय. काही ठिकाणी पांढरट, वाळूसारखं खरखरीत लागतं. आम्ही हळद आणि खोबरेल तेल लावतो. पिशवी चिकटतच नाही. — एक सून, चिपळूण

तेलावर चकती चिकटणार नाही, हे पहिलं. हळदीचे कणही चकती आणि कातडीच्या मध्ये बसतात, शिवाय पिवळ्या रंगात लाली वाढते की उतरते हे कळत नाही. दोन्ही थांबवा. लहान मुलांची टाल्कम पावडरही नको.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी दोन आहेत आणि त्यांचे उपायही निराळे. लाल, ओलसर भाग लघवीने भिजून झालेला आहे. आधी भोकाचं माप दुरुस्त करा, वर शिक्षकांना सांगितलं तसं. सोललेल्या ओल्या जागेवर स्टोमा पावडर अगदी पातळ भुरभुरा, दोन मिनिटांनी जास्तीची झटकून टाका आणि मग चकती लावा. पावडरचा थर राहिला तर पुन्हा चिकटणार नाही. खाज असेल आणि लालीच्या कडेला बारीक बारीक सुटे पुरळ दिसत असतील तर बुरशी आहे. मधुमेह असलेल्यांत आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात ती लवकर होते. त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने बुरशीनाशक पावडर लागते. मलम नको, कारण पुन्हा तेच, चिकटत नाही.

पांढरं खरखरीत म्हणजे लघवीतले क्षार. लघवी अल्कधर्मी आणि दाट झाली की ते स्टोमावर आणि कातडीवर बसतात, टोचतात, रक्तही काढतात. नखाने खरवडू नका. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात गॉज भिजवून पिशवी बदलताना दहा-पंधरा मिनिटं त्या जागेवर ठेवा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोललेल्या जागेवर हे झोंबेल, तिथे टाळा. मूळ उपाय पाणी : मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर. पिशवीतली लघवी फिकट दिसायला हवी. सासूबाई ‘सारखी भरते’ म्हणून पाणी कमी पीत असतील. बऱ्याच बायका तसं करतात. त्यांना प्रेमाने सांगा, त्याने त्रास वाढतो. कातडी राखाडी, जाड, चामखिळीसारखी उंचसखल झाली असेल तर ते बरेच महिने भिजत राहिल्याचं लक्षण आहे. स्टोमा क्लिनिकला दाखवा.

स्टोमाजवळचे केस वस्तऱ्याने काढू नका, मुळाशी पुटकुळ्या येतात. कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा. दमट हवेत चकती एखादा दिवस कमी टिकते, हा तुमचा दोष नाही. सामान मात्र न्हाणीघरात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका; ओल आणि उष्णता दोन्हींनी गोंद बिघडतो.

बाबांच्या पिशवीतली लघवी तपासली, जंतू निघाले. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, तरी रिपोर्टमध्ये जंतू आहेतच. त्यांना ताप वगैरे काही नाही. — एक मुलगा, नागपूर

मग चौथा कोर्स घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा. पहिली, नमुना पिशवीतला होता. पिशवीत साठलेल्या कोमट लघवीत जंतू वाढतातच, तो नमुना कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) कधीच द्यायचा नाही. पिशवी काढून, स्टोमा स्वच्छ करून, निर्जंतुक कॅथेटर (बारीक नळी) अलगद आत सरकवून नर्सनी नमुना घ्यायचा असतो. तेही शक्य नसेल तर निदान स्टोमा धुऊन, त्यातून थेट पडणारे थेंब निर्जंतुक बाटलीत झेलायचे. दुसरी, ताप नाही, थंडी नाही, कमरेत दुखत नाही. आतड्याच्या वाटेने येणाऱ्या लघवीत जंतू बहुतेकांना असतातच, आतडं मुळात जंतूंचं घर आहे. त्रास नसताना औषधं देत राहिलं की औषधांना न जुमानणारे जंतूच मागे उरतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा हाताशी औषध उरत नाही.

लघवीत दिसणारे पांढरट, पिंजलेल्या कापसासारखे धागे म्हणजे पू नव्हे. तो आतड्याचा चिकट स्राव आहे, तो जन्मभर येणार. पाणी भरपूर प्यायलं की पातळ होतो, तोटीत अडकत नाही.

घाईने कधी निघायचं, तेही लिहून फ्रिजवर लावा : १००.४ अंशांवर ताप आणि थंडी. कमरेच्या बाजूला दुखणं. दोन-तीन तास पिशवीत थेंबही नाही. स्टोमा जांभळा किंवा काळा पडणं. आतून येणारं रक्त दहा मिनिटं दाबूनही न थांबणं. पोट फुगून उलट्या.

रात्री तीनदा उठावं लागतं. युरोबॅग (रात्री जोडायची मोठी पिशवी) जोडली तर सकाळी वरची पिशवी फुगलेली आणि युरोबॅग रिकामी. — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

तोटी उघडायची राहिली, किंवा पिशवी पिळली गेली. पिशव्यांच्या डब्यात एक छोटी जोडनळी येते, बरेच जण ती फेकून देतात. तिच्याशिवाय युरोबॅगची नळी तोटीला नीट बसत नाही. झोपताना वरची पिशवी पूर्ण रिकामी करू नका. थोडी लघवी ठेवून नळी जोडा आणि तोटी उघडा, म्हणजे नळीत धार सुरू होईल आणि पिशवीचे पापुद्रे एकमेकांना चिकटणार नाहीत. नळी मांडीवरून पायजम्याच्या आतून खाली न्या आणि पट्ट्याने सैलसर बांधा. दोन लिटरची युरोबॅग पलंगाच्या पातळीखाली टांगा, जमिनीवर लोळू देऊ नका. सकाळी ती पाण्याने खळखळून, मग एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घालून वीस-तीस मिनिटं ठेवा, पुन्हा धुऊन उलटी वाळत टाका. आठवड्याने नवी घ्या.

एखाद्या सकाळी युरोबॅग जांभळी झालेली दिसली तर घाबरू नका. काही जंतू लघवीतल्या घटकांपासून निळं आणि तांबडं रंगद्रव्य तयार करतात, बद्धकोष्ठ असलेल्यांत हे जास्त होतं. पिशवी बदला, पोट साफ ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. बीट खाल्ल्यावरची लाल लघवीही याच यादीतली.

देवपूजा करावी का? वारीला पायी जाता येईल का? वास येतो असं वाटत राहतं. — एक वारकरी, बीड

पिशवी बंद असते, अंघोळ पिशवीसकट किंवा पिशवी काढूनही करता येते. पाण्याने स्टोमाला काही होत नाही, फक्त जोराची धार थेट मारू नका. अंगावर लघवीचा थेंब नाही, कपडे कोरडे आहेत, तर पूजा करायला आमच्या दृष्टीने काहीच आडकाठी नाही.

वास पिशवीतून येत नाही, तोटीच्या टोकाला राहिलेल्या थेंबाचा येतो. रिकामी केल्यावर तोटी आतून-बाहेरून कागदाने पुसा. मासे, लसूण, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यांनी लघवीचा वास उग्र होतो, पण तो पिशवीबाहेर येत नाही.

वारीला ऑपरेशनच्या वर्षी नको. पुढच्या वर्षी सर्जननी होकार दिला तर जा. पायाला बांधायची पिशवी जोडा, म्हणजे दर दोन तासांनी आडोसा शोधावा लागणार नाही. रोजच्या घामाचा हिशेब धरून दुप्पट चकत्या न्या आणि त्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक ट्रकमध्ये, एक खांद्यावर. दिंडीतल्या एका माणसाला तरी हे ठाऊक असू द्या.

माझ्या यजमानांना पोटावर पिशवी नाही, आतड्याचं नवं मूत्राशय केलंय. रात्री अंथरूण ओलं होतं. हल्ली भूक नाही, मळमळतं, गळून जातात. — एक वाचक, रत्नागिरी

दुसरा भाग आधी : भूक जाणं, मळमळ, गळाठा यासाठी या आठवड्यातच रक्त तपासून घ्या. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट हे सगळं. नवं मूत्राशय आतड्याच्या ५०-६० सेंटिमीटर तुकड्याचं असतं आणि आतड्याचा धर्म शोषण्याचा. त्यात साठलेल्या लघवीतले आम्लधर्मी घटक परत रक्तात शिरतात, रक्त आम्लाकडे झुकतं. सोडामिंटच्या गोळ्यांनी ते सुधारतं, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

या मूत्राशयाला ‘आली’ अशी जाणीव नसते, म्हणून घड्याळावर चालायचं. सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी, रात्री तीन तासांनी गजर लावून. मग हळूहळू वाढवत दिवसा तीन-चार तासांपर्यंत, नव्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिली मावेल इतकं. त्यापुढे ताणू नका. लघवी पुरुषांनीही बसून करावी : खालचे स्नायू सैल सोडायचे, दीर्घ श्वास घेऊन पोटावर हाताने दाबायचं, पुढे वाकायचं. झोपेत खालचे स्नायू सैल पडतात म्हणून रात्री गळतं. रात्रीचं जेवण झाल्यावर पाणी कमी, झोपण्याआधी रिकामं, मध्ये एकदा गजर, आणि दिवसा ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम. बऱ्याच जणांचं वर्षभरात सुधारतं. धार अडखळत असेल, पोट तट्ट वाटत असेल तर स्रावाचा गोळा अडकला असेल किंवा पूर्ण रिकामं होत नसेल. तेव्हा कॅथेटर घालून काढणं आणि सलाइनने धुणं शिकावं लागतं. हे प्रत्येक नव्या मूत्राशयवाल्याला ऑपरेशनआधीच शिकवायला हवं, अडल्यावर रात्री दोन वाजता नव्हे.

मिस्टर स्टोमाकडे बघतही नाहीत. सगळं मी करते. आमच्यात जवळीकही उरली नाही. — एक पत्नी, ठाणे

त्यांना एकदम पिशवी बदलायला लावू नका. आठवडाभर फक्त तोटी त्यांनी उघडायची. पुढच्या आठवड्यात वात त्यांनी धरायची. मग चकती तुम्ही लावायची आणि दाबून त्यांनी ठेवायची. एकेक काम तुमच्या हातून त्यांच्या हातात जाऊ द्या. आधीच हे ऑपरेशन झालेल्या, त्यांच्याच वयाच्या पुरुषाची गाठ घालून देता आली तर सर्वांत उपयोगी. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि मुंबईतच ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही आहे. अशी भेट घालून देण्याबद्दल तिथे विचारा.

जवळिकीबद्दल : मूत्राशय काढताना ताठरतेच्या नसांना बरेचदा इजा होते, हा त्यांच्या मनाचा दोष नाही. गोळ्या, इंजेक्शन, पंप असे उपाय आहेत. युरॉलॉजिस्टना दोघांनी मिळून विचारा. ते स्वतः विषय काढतील याची वाट पाहू नका. पिशवी आधी रिकामी करावी आणि वर कापडी कव्हर किंवा रुंद पट्टा बांधावा.

पाच वर्षं झाली, काही त्रास नाही. तरी दर वर्षी सोनोग्राफी, रक्त कशाला? — एक वाचक, कोल्हापूर

मूत्रवाहिनी आतड्याला जिथे जोडली आहे तो सांधा पुढे हळूहळू अरुंद होऊ शकतो. दुखत नाही, ताप येत नाही. पिशवीत लघवी येतच राहते, कारण दुसरं मूत्रपिंड काम करत असतं, आणि एक मूत्रपिंड गुपचूप फुगून निकामी होतं. सोनोग्राफीत ते वेळेवर दिसतं, मग वाट मोकळी करता येते. आतड्याचा तो शेवटचा भाग बी-१२ जीवनसत्त्व शोषणारा असतो, म्हणून वर्षातून एकदा तेही तपासा. हातापायांना मुंग्या येत असतील तर आधीच. आणि कर्करोगासाठी ऑपरेशन झालं असेल तर मूत्रवाहिन्या आणि मूत्रपिंडाच्या आतलं अस्तर मूत्राशयासारखंच असतं, तिथेही तो पुन्हा उगवू शकतो. बिडी-सिगारेट अजून चालू असेल तर ती आजच बंद करा. पिशवीतल्या लघवीत रक्त दिसलं आणि ते स्टोमाच्या कडेचं नसून आतून येत असेल, तर वर्षाच्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात युरॉलॉजिस्टना गाठा.